मांडीवर बाळ, मागे कुत्रे : गाडीत कोणाची जागा कुठे?

दसरा झाला की दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. "डॉक्टरसाहेब, लेकरू पाच महिन्यांचं आहे. पुण्याहून गाडीनं आणलं तर चालेल का?" विचारणारे बहुधा आजी-आजोबा असतात. दिवाळीला नातवंड घरी यावे असे कोणाला वाटणार नाही? अलीकडे मात्र या प्रश्नाला एक शेपूट जोडले गेले आहे, आणि ते खरोखरीचे शेपूट आहे. "आणि त्यांचं ते कुत्रंही सोबत असतं. चांगलं वासराएवढं आहे!"

पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आपली मुले आता कुत्री पाळतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, कोणाकडे लातूरकडचे उंच कारवानी. लग्नानंतर आधी कुत्रे येते आणि मग दोन-तीन वर्षांनी बाळ, असाही क्रम काही घरांत दिसतो. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. कुत्रे घरातले आहे आणि बाळही घरातले आहे. प्रश्न फक्त एवढाच की, पुण्याहून अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी, मानवत असा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करताना ही दोन्ही लेकरे गाडीत कुठे आणि कशी बसवायची. आजचा लेख त्याविषयी.

आपली नेहमीची पद्धत अशी. बाप गाडी चालवतो. आई पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसते. कुत्रे मागे मोकळे असते आणि दोन सीटांच्या मधून पुढे तोंड काढून उभे राहते. दृश्य मोठे गोड दिसते. वैद्यकीय नजरेने पाहिले तर या गाडीत दोन वस्तू सुटलेल्या आहेत आणि तिसरी, म्हणजे आई, सुटण्याच्या बेतात आहे.

थोडे गणित करू. घाबरू नका, शाळेतलेच आहे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि समोर काहीतरी आडवे आल्याने ती आदळून एक दशांश सेकंदात थांबली असे समजा. गाडी थांबली, पण आतील प्रत्येक वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. तिला तेवढ्याच वेळात थांबवायचे तर वजनाच्या सुमारे चौदापट जोर लागतो. सात किलोचे बाळ त्या क्षणी एक क्विंटलचे होते. मोंढ्यातला तगडा हमाल क्विंटलचे पोते पाठीवर घेईल. पण तेच पोते कोणी अंगावर फेकले तर तो ते झेलू शकेल का? मग आईचे दोन हात काय करणार? तिचे प्रेम कमी पडत नाही, मनगट कमी पडते. आणि एक दशांश सेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ नव्हे. घट्ट धरायचे आहे हे मेंदूला कळण्यापूर्वीच सारे होऊन गेलेले असते.

हेच गणित तीस किलोच्या कुत्र्याला लावा. ते सव्वाचार क्विंटल भरते. मागे मोकळे उभे असलेले कुत्रे अशा वेळी पुढच्या सीटांच्या मधून येते, आणि वाटेत जे असेल त्यावर आदळते. वाटेत कोण आहे? गाडी चालवणारा बाप आणि मांडीवरचे बाळ. यात कुत्र्याचा दोष काहीच नाही. ते बिचारे स्वतःही मरते किंवा मोडते.

ताशी ५० म्हणजे काही फार वेग नव्हे, असे वाचकांना वाटेल. त्या वेगाने आदळणे म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. ताशी ८० ला ती उंची पंचवीस मीटर होते. परभणीत एवढ्या उंच इमारती शोधाव्या लागतील, पण ताशी ८० ने जाणाऱ्या गाड्या शोधाव्या लागत नाहीत.

"आई मागे बसली तर?" असे कोणी म्हणेल. मागची सीट म्हणजे सुरक्षित, तिथे पट्ट्याची गरज नाही, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. मराठवाड्याला तिची किंमत ठाऊक असायला हवी. ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत गोपीनाथराव मुंडे विमानतळाकडे निघाले होते. शहरातला रस्ता, बाजूने येऊन आदळलेली एक छोटी गाडी. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. आत यकृत फाटले होते, मानेला जबर इजा झाली होती. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, सगळ्या सोयींची. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे, ज्यांनी पट्टे लावले नव्हते, ते गेले. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात पट्टा न लावलेले १६ हजार ७१५ लोक देशात रस्त्यावर मेले. त्यांतले जवळजवळ निम्मे, ८ हजार ३३१, गाडी चालवणारे नव्हतेच. ते नुसते बसलेले होते.

म्हणून मागे बसलेल्या आईनेही पट्टा लावायचा. पण मग काही हुशार मंडळी आणखी एक युक्ती करतात. आई आणि मांडीवरचे बाळ, दोघांवरून एकच पट्टा. कृपा करून हे कधीही करू नका. गाडी आदळली की आईचे सारे वजन चौदापट होऊन मागून बाळावर येते आणि पुढून पट्टा. बाळ मधल्या मध्ये चिरडते. मागच्या सीटवर दोन्हीकडच्या कड्यांना झोळी बांधून बाळाला निजवणेही असेच. घरात झोळीसारखे सुख नाही, पण धावत्या गाडीत ती गोफण होते.

बाळाची खरी जागा एकच : मागच्या सीटवर पक्की बसवलेली बेबी सीट, आणि तिचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. म्हणजे बाळाची पाठ चालकाकडे आणि तोंड मागच्या काचेकडे. हे ऐकून बहुतेक आया नाराज होतात. "मग त्याला समोरचं काही दिसणार नाही की!" दिसणार नाही, हे खरे. पण तान्ह्या बाळाचे शरीर पाहा. जन्मतः डोके एकूण लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढे असते. आपले आठव्या हिश्श्याच्या आसपास. मानेचे मणके अजून पुरते हाड झालेले नसतात, त्यांत कूर्चा असते, आणि त्यांना बांधून ठेवणारे बंध सैल असतात. समोर तोंड करून बसवलेल्या बाळाचे धड पट्ट्याने अडते आणि जड डोके पुढे झटक्याने ओढले जाते. देठावर जड भोपळा लटकावा तशी मानेची गत होते. उलट्या तोंडाने बसवले की तोच धक्का पाठ, मान आणि डोके यांच्यावर सारखा पसरतो आणि सीटची पाठ तो झेलते.

ही कल्पना सुचली तिची गोष्ट गमतीची आहे. स्वीडनमधले प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अवकाशयानात अंतराळवीर पाठीवर टेकून कसे बसतात ते पाहिले. उड्डाणाचा प्रचंड दाब ते सगळ्या पाठीवर घेत होते. लहान मुलांनाही गाडीत असेच बसवावे, असे त्यांच्या मनात आले आणि त्यातून उलट्या तोंडाची सीट तयार झाली. आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ किमान दोन वर्षांपर्यंत, आणि सीटच्या मापात बसेल तोवर त्याहूनही पुढे, मूल असेच बसवावे असे सांगतात.

सीट घेताना तिच्यावरचा मानकाचा शिक्का पाहा. युरोपीय मानकाच्या सीटवर नारिंगी चिठ्ठी असते, तिच्यावर गोलात 'ई' हे रोमन अक्षर आणि आर ४४ किंवा आर १२९ असा आकडा असतो. बाळाच्या वजनाला ती चालते का हेही त्याच चिठ्ठीवर लिहिलेले असते. किंमत साध्या मोबाइलएवढी. बारशाला पाच नातेवाईक मिळून चांदीचा वाळा-साखळ्या आणतात, त्याऐवजी ही सीट आणली तर कोणाचा मान कमी होईल असे मला वाटत नाही. कोणाची वापरलेली सीट घ्यायची असेल तर ती अपघातातून गेलेली नाही एवढे खात्रीने विचारा.

सीट पुढे, चालकाच्या शेजारी ठेवू नये. पुढे हवेची पिशवी असते, ती फुटते तेव्हा क्षणार्धात फुगून ठोसा मारल्यासारखी येते. उलट्या तोंडाच्या सीटमधील बाळाचे डोके नेमके तिच्यासमोर असते. मोठ्या माणसाचा जीव वाचवणारी ही पिशवी तान्ह्याचा जीव घेऊ शकते. मागे, डाव्या बाजूला सीट बसवली की बाळाला काढताना आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतो, वाहनांच्या बाजूला नव्हे. आपल्या रस्त्यांवर ही गोष्ट लहान नाही.

बांधतानाही एक चूक हमखास होते. थंडीच्या भीतीने बाळाला स्वेटर, दुपटे, कानटोपी असे गाठोडे करून वर पट्टे लावतात. पट्टा घट्ट वाटतो, पण तो स्वेटरवर घट्ट असतो. आत बाळ सैलच. आधी साध्या झबल्यावर पट्टे लावा, खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट हातात येणार नाही इतके ते आवळा, आणि मग वरून दुपटे पांघरा. हनुवटी छातीवर टेकलेली नाही ना, हे अधूनमधून पाहा. तान्ह्याची श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते. मान मुडपली की श्वास अडतो, आणि बाळ रडतही नाही. म्हणूनच दीड-दोन तासांनी थांबून त्याला सीटमधून बाहेर काढावे, सपाट निजवावे, पाजावे. पाजायचे ते थांबलेल्या गाडीतच. "एवढ्यासाठी कशाला थांबायचं, चालू गाडीतच घे" असे म्हणणाऱ्या नवरोबाला वरचे क्विंटलचे गणित वाचून दाखवा.

कायदा काय म्हणतो? २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९४ ब हे कलम आले. त्यानुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने बांधलेले नसेल तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. आपल्याकडे हा दंड झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. नव्या गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची बांधायला आपण विसरत नाही, पण पट्टा लावला नाही म्हणून गाडी टुणटुण वाजू लागली तर तिला गप्प करणारी खोटी क्लिप विकत आणतो! २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन कंपन्यांना आदेश देऊन या क्लिपा विक्रीतून काढायला लावाव्या लागल्या. म्हणजे मागणी किती होती पाहा.

आता कुत्र्याकडे वळू.

मागे एकदा दहा आठवड्यांच्या लसीसाठी एक जोडपे आले होते. बाळाच्या कपाळावर दोन बारीक ओरखडे. विचारले तर कळले की वाटेत ट्रॅक्टर आडवा आला, जोरात ब्रेक दाबला आणि मागचा लॅब्राडोर आईच्या खांद्यावरून पुढे आला. अपघात झाला नव्हता. कोणाला काही लागले असे त्यांना वाटतही नव्हते. नुसत्या ब्रेकने एवढे झाले. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे उसाचा हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर माजलगाव-पाथरीच्या पट्ट्यात रात्रंदिवस चालतात, आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. तेव्हा जोराचा ब्रेक हा या प्रवासात अपवाद नाही, तो धरूनच चालायचे.

तसा ओरखडा उमटला तर काय करायचे हेही सांगून टाकतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचे. हळद, चुना, तंबाखू लावायचा नाही. "आमच्या कुत्र्याला सगळ्या लसी दिल्या आहेत" हे उत्तर पुरेसे नाही. लसीचा दाखला डॉक्टरला दाखवा, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा आणि बाळाला लस द्यायची की नाही हे डॉक्टरला ठरवू द्या. रेबीज झाल्यावर उपाय नाही, आधी आहे. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.

कुत्र्याची उत्तम जागा म्हणजे मागच्या सीटच्याही मागे, डिकीच्या भागात, आणि मध्ये लोखंडी जाळी. ज्या मोठ्या गाड्यांची डिकी आतून उघडी असते, त्यांनाच हे जमते. तयार जाळ्या मिळतात. गावातला चांगला फॅब्रिकेशनवालाही माप घेऊन करून देईल, मात्र ती नटबोल्टने गाडीच्या सांगाड्याला पक्की हवी. सीटच्या दांड्यांना तारेने आवळलेली जाळी पहिल्या धक्क्यात सुटते आणि मग तीच अंगावर येते. पिंजरा ठेवला तर तोही बांधलेला हवा. डिकी पूर्ण बंद असलेल्या गाडीत मात्र कुत्र्याला मागे कोंडण्याचा विचारही करू नये. हे लिहावे लागते, कारण मला कोणी तरी विचारले होते.

जाळी शक्य नसेल तर छातीला बांधायचा रुंद हार्नेस घ्यावा आणि तो आखूड पट्ट्याने सीटबेल्टच्या खाचेत अडकवावा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही बांधू नये. आदळल्यावर सव्वाचार क्विंटलचा झटका गळ्याला बसला तर तो फासच होतो. बांधणी इतकी आखूड असावी की कुत्र्याला बसता आणि आडवे होता येईल, पण पुढच्या सीटपर्यंत किंवा बाळाच्या सीटपर्यंत तोंड पोहोचणार नाही.

आणि छोटी गाडी असेल तर? मागे तीन माणसांची जागा. डावीकडे बाळाची सीट, उजवीकडे चाळीस किलोचे कुत्रे आणि मध्ये अंग चोरून बसलेली आई. आईने पट्टा लावला, कुत्रे हार्नेसने आखडले, तर हे कसेबसे जमते. पण पाच-सात तासांच्या प्रवासात ते टिकत नाही. कुत्रे कंटाळते, पाय बदलते, आई त्याला हाताने रेटते, कोणी तरी हार्नेस थोडा सैल करतो आणि सारे मुसळ केरात. माझे मत विचाराल तर छोट्या गाडीत मोठे कुत्रे आणि तान्हे बाळ एकत्र आणू नये. कुत्र्याची दिवाळी पुण्यात शेजाऱ्यांकडे किंवा कुत्री सांभाळणाऱ्यांकडे होऊ द्या, नाही तर मुलाने एकट्याने त्याला गाडीतून आणावे आणि सून-बाळ रेल्वेने येतील. आजीला हे सोपे वाटेल, सुनेला कदाचित नाही. कुत्रे माझ्या बाळाआधीपासून घरात आहे, असे ती म्हणेल, आणि तिचेही खरे आहे. मग मोठी गाडी भाड्याने घ्या आणि जाळी आहे का ते निघण्यापूर्वी पाहा. चालक म्हणाला "बसतंय साहेब" तर त्यावर विसंबू नका.

कुत्र्याला चालकाच्या मांडीवर किंवा पुढच्या सीटवर घेणे हा तर निव्वळ आगाऊपणा. चालकाच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने कोणाला बसवू नये किंवा काही ठेवू नये, असे मोटार वाहन कायद्याचे १२५ वे कलम १९८८ पासून सांगते. खिडकीबाहेर डोके काढून वारा पिणारे कुत्रे पाहायला छान वाटते, पण धूळ, खडे आणि किडे त्याच्या डोळ्यांत जातात. काच तीन-चार बोटे उघडी ठेवा, पुरे.

प्रवासाच्या तीन-चार तास आधी कुत्र्याला हलके खायला द्यावे, निघताना नाही. कुत्र्यांनाही गाडी लागते. ओकारी आली की बाळाच्या शेजारी काय होईल ते सांगायला नको. बाळाच्या दुधाला मात्र असा नियम नाही, त्याला भूक लागेल तेव्हा पाजायचे. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूधच, प्रवासातही. ऊन आहे म्हणून वरचे पाणी नको. बाळ निजावे म्हणून सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध पाजण्याची युक्ती काही जण सांगतात. आमच्या आजीच्या काळात शेतावर जाणाऱ्या बाया लेकराला अफूची गोळी देत, त्याचीच ही नवी आवृत्ती. दोन वर्षांखालच्या मुलात अशा औषधांनी श्वास मंदावून मृत्यू झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. कुत्र्यालाही माणसाची झोपेची गोळी देऊ नये. परभणीकरांच्या हाताशी १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कुत्र्याचे औषध, लसी आणि जंत यांचे तिथेच विचारावे. मी माणसांचा डॉक्टर.

दिवाळीची गोष्ट ठीक, पण हीच मंडळी मे महिन्यातही येतात. परभणीचा उन्हाळा सांगायची गरज नाही. ४४ अंश आपण जेवणाच्या पंगतीत बोलतो. उन्हात उभ्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान सुमारे दहा अंशांनी चढते, आणि काच थोडी खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यापेक्षा कितीतरी लवकर तापते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करते, आणि आतली हवाच तापली की धापांचाही उपयोग नसतो. तेव्हा ढाब्यावर "दोन मिनिटांत चहा घेऊन येतो, बाळ झोपलंय, कुत्रं आहे राखणीला" हे दोन्ही अर्थांनी चूक. एक तर उष्माघात. दुसरे म्हणजे बाळ आणि कुत्रे, कितीही गरीब असले तरी, एकटे कधीच सोडायचे नाहीत. एसी चालू ठेवून गेलो तरी नाही. कुत्र्याचा पाय बटणावर पडून गाडी आतून बंद होऊ शकते.

बाळ मलूल झाले, लंगोट सहा तास कोरडा राहिला, टाळू खोल गेली, अंग चटके देण्याइतके तापले, तर प्रवास तिथेच थांबवा. सावलीत घ्या, कपडे काढा, साध्या पाण्याने अंग पुसत वारा घाला आणि जवळच्या रुग्णालयात न्या. कुत्रे जोराने धापा टाकत लाळ गाळू लागले, झोकांड्या खाऊ लागले, तर त्याच्या पोटावर, जांघांत साधे पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर कोणाच्याच तोंडात पाणी ओतू नका.

अपघात झालाच तर? १०८ वर रुग्णवाहिका येते, ११२ वर पोलीस. बाळाची सीट शाबूत असेल आणि गाडीला आग किंवा पाण्याचा धोका नसेल, तर बाळाला ओढून काढण्याची घाई करू नका; मान सांभाळून, शक्यतो सीटसकट उचला. जखमी कुत्रे स्वतःच्या धन्यालाही चावते. मोकळे असेल तर एक तर ते महामार्गावर पळत सुटते, किंवा जखमी मालकिणीपाशी उभे राहून मदतीला आलेल्या माणसांवर गुरगुरते आणि कोणाला जवळ येऊ देत नाही. बांधलेल्या कुत्र्याचा हाही एक फायदा. जनावराच्या डॉक्टरसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

निघण्याआधी पंधरा दिवस तालीम करावी. कुत्र्याला हार्नेस घालून गल्लीत एक फेरी, मग अर्धा तास, मग एक तास. बाळाची रिकामी सीट घरात ठेवा, कुत्र्याला हुंगू द्या. नवी वस्तू, नवा वास आणि नवे बंधन हे सगळे एकाच पहाटे समोर आले तर ते अहिल्यानगरपर्यंत भुंकत येईल, आणि बाळ रडत. शक्यतो पहाटे निघावे आणि दिवसाउजेडी पोहोचावे. त्या विनादिव्यांच्या ट्रॉल्या रात्री दिसत नाहीत.

वाटेत थांबाल तेव्हा दार उघडण्यापूर्वी साखळी हातात हवी. ढाब्यांभोवती भटक्या कुत्र्यांची टोळी असतेच. ती पाहुण्यावर धावून येतात, भांडण होते, चावाचावी होते. पाणी घरून आणलेल्या भांड्यात पाजा आणि रस्त्यापासून लांब, पण नजरेसमोर फिरवा. तोवर बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असावे. एकाच माणसाच्या एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात बाळ, असे नको.

घरी पोहोचल्यावर गल्लीत फटाके वाजत असतील. घाबरलेले कुत्रे अशा वेळी दार उघडताच पळते आणि परक्या गावात सापडत नाही. म्हणून आधी बाळ आजीच्या हातात जाऊ द्या, मग फाटक लावून कुत्र्याला उतरवा आणि आत, आवाज कमी येईल अशा खोलीत न्या. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असेल तर तोही त्याला आत बांधल्यावरच. नाही तर तो तुकडा जमिनीवर पडण्याआधीच ते हवेत झेलेल.